सोमलाची हजेरी

बैलाला नाल ठोकायचा तर आधी त्याला पाडावं लागतं. नुसत्या जोरानं बैल पडत नाही. दोर पायांतून असा फिरवावा लागतो की बैलाला वाटावं, आपण आपल्याच मनानं बसतोय. सोमलाला ते साधलं होतं. मंगरूळपीरला दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, लिंबाखाली सैफुद्दीन नालबंदाची जागा होती. तिथं सोमला बैलाला आडवा करी, पाय बांधी, मग मानेपाशी बसून त्याच्या गळ्याखाली हात फिरवत तांड्याच्या बोलीत काहीतरी पुटपुटत राही. बैल डोळे मिटून घेई आणि सैफुद्दीन खुरावर नाल ठोकून मोकळा होई.

रामकिसन भांदुर्गे सायकल धरून रस्त्याच्या कडेला उभे राहून हे बघत राहत.

वऱ्हाड मुंबई राज्यात गेल्याला वर्ष होत आलं होतं. कोर्टात नवी रीत सुरू झाली होती. पहिल्यांदाच गुन्हा केलेल्या माणसाला तुरुंगात न टाकता चांगल्या वर्तणुकीच्या बॉंडवर सोडायचं, कुठंतरी कामाला लावायचं, आणि त्याच्यावर नजर ठेवायला एक माणूस नेमायचा. तो माणूस म्हणजे भांदुर्गे. आधी ते शाळेत शिकवत, म्हणून लोक त्यांना 'हजेरीमास्तर' म्हणत.

सोमला मेडशीकडच्या बंजारा तांड्यातला, विशीतला गडी. त्यानं आणि दुसऱ्या एकानं केनवडच्या बाजारातून एका शेतकऱ्याची बैलजोडी हाकून नेली होती. दुसरा पळाला. सोमला सापडला, आणि सापडल्यावर खरं बोलला. मॅजिस्ट्रेट साहेबांनी भांदुर्ग्यांच्या शब्दावर त्याला सोडलं. वर्षभर मंगरुळात राहायचं, सैफुद्दीनच्या हाताखाली काम करायचं, दर सोमवारी मास्तरांकडे हजेरी द्यायची. हजेरी चुकली तर तुरुंग. जामीन सैफुद्दीनच राहिला. गावाला यातलं काही ठाऊक नव्हतं. लोकांच्या लेखी सोमला म्हणजे सैफुद्दीनचा नवा गडी, बैलांवर चांगला हात असलेला.

सुटल्यावर चारसहा दिवसांनी तांड्याचा नायक दौलतसिंग मास्तरांकडे आला होता. डोक्याला लाल पागोटं, हातात काठी.

"पोराले एका दिवसासाठी सोडा. आमची नसाब बसवाची हाये."

नसाब म्हणजे तांड्याची पंचायत. भांदुर्गे त्या दिवशी घाईत होते. "कोर्टाचा निकाल तर लागला नायक."

"कोर्टाचं कोर्टात झालं. आमचं राह्यलं."

"बरं, न्या. तुमचं तुम्ही करा," असं म्हणून मास्तरांनी सायकलीवर टांग टाकली. नसाबीत काय झालं, ते त्यांनी नंतर सोमलाला विचारलं नाही. सोमला परत आला होता, त्यांना तेवढं पुरे होतं.

भांदुर्ग्यांना कीर्तनाचं वेड होतं. वेड म्हणजे साधं नव्हे. गावात कीर्तन असलं की त्यांचं मन दुपारीच कचेरीतून उठून देवळाकडे चालू लागे. बुवा नमन म्हणू लागले की यांचे हात आपोआप जुळत, आणि उत्तररंगात आख्यान रंगलं की उपरण्याचं टोक डोळ्यांना लागे. माणूस कितीही वाया गेलेला असो, नामाचा एक थेंब कानात पडला की तो पालटतो, हे त्यांनी इतक्या वेळा ऐकलं होतं आणि इतक्या मनापासून मानलं होतं, की हजेरीमास्तराचं काम देवानंच आपल्याकडे धाडलं असं त्यांना वाटे.

एका दुपारी ते सैफुद्दीनपाशी आले. सोमला तेव्हा विहिरीवर बैलांना पाणी दाखवायला गेला होता.

"सैफुद्दीनभाई, येत्या एकादशीला बुवा येताहेत. वाटमाऱ्याचं आख्यान लावणार आहेत. सोमलाला घेऊन जाईन म्हणतो."

"न्या नं साहेब. आयकू द्या. पन मांगच्या रांगेत बसवा."

"मागं कशाला? बुवांच्या समोर बसवतो. त्याच्यासाठीच तर सांगतोय ते आख्यान लावायला."

सैफुद्दीननं हातोडी खाली ठेवली. "अजी साहेब, बैल पाडतानी चार लोकं समोर उभे राह्यले तं बैल बिचकते. हे तं मानूस हाये."

"तुम्ही सगळ्यांना बैलच समजता!"

"सगळ्यायले नाई. पन सुगराबी मले समजते."

मागच्या घरातून त्याच्या बायकोचा, सुगराबीचा आवाज आला, "बैल बरा, सांगतलं तं फिरते तरी!" आणि तिघंही हसले. बोलणं तिथंच राहिलं.

एकादशीला देवळापुढचा मांडव भरला. आजूबाजूच्या गावांतून लोक बैलगाड्या जुंपून आले होते. भांदुर्ग्यांनी सोमलाला धुतलेला सदरा घालायला लावला आणि बुवांच्या समोर, पहिल्या रांगेत आपल्याशेजारी बसवला. दुपारी फराळाच्या वेळी त्यांनी बुवांना सोमलाची सगळी हकिगत सांगितली होती. सांगताना स्वतःच गहिवरले होते. "बुवा, आख्यान संपताना त्याच्या गळ्यात एक हार घाला. त्याला कळू द्या की देवानं त्याला आपलं म्हटलंय." बुवाही भले माणूस, ते म्हणाले, घालतो.

कीर्तन सुरेख झालं. बुवांचा आवाज त्या दिवशी असा लागला होता की मृदंगवाल्याचे हात आपोआप हलके पडत होते. जंगलातला वाटमाऱ्या, त्याच्या वाटेत आलेला साधू, आणि साधूनं विचारलेला एकच प्रश्न, की बाबा, ज्यांच्यासाठी तू हे करतोस ते तुझ्या पापाचे वाटेकरी होतील काय? वाटमाऱ्या साधूच्या पायांवर कोसळला आणि टाळ कडाडले.

बुवांनी हात वर करून टाळ थांबवले.

"मायबाप, तुम्ही म्हणाल या जुन्या गोष्टी. नाही! आज, या मांडवात, माझ्यासमोर असाच एक जीव बसला आहे. काल त्यानं केनवडच्या बाजारातून दुसऱ्याचे बैल नेले. आज तो बैलांची सेवा करतो आहे. उठ बाळा, उभा राहा!"

सोमला उठला नाही. भांदुर्ग्यांनी त्याच्या दंडाला धरून त्याला उभा केला. बुवांनी हार घातला. कुणीतरी बुक्का लावला, मागून फुलं येऊन पडली, विठ्ठलनामाचा गजर झाला. एक म्हातारी पुढं येऊन सोमलाच्या पायांना हात लावू लागली, तसा तो एक पाऊल मागं सरला. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. ते पाहून भांदुर्ग्यांनाही रडू आलं. त्यांना वाटलं, आपल्या जन्माचं सार्थक झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक शेतकरी बैलजोडी घेऊन लिंबाखाली आला. सोमलानं दोर उचलला, तसा तो शेतकरी म्हणाला, "हाच का गा तो, कीर्तनातला?"

सैफुद्दीन नाल निवडत राहिला.

"लय मोठं काम केलं पोरानं. देव भलं करो त्याचं." शेतकऱ्यानं सोमलाला हात जोडले, आणि मग कासरा सैफुद्दीनच्या हातात दिला. "पन बैल तुमीच धरा चाचा."

त्या दिवसापासून हेच चाललं. जो येई तो सोमलाला नमस्कार करी आणि बैल त्याच्यापासून दूर बांधी. एकानं तर नाल ठोकून होईपर्यंत दुसऱ्या बैलाची शिंगं धरून ठेवली. पोरं रस्त्यावरून जाताना 'बुवा आले, बुवा आले' म्हणून ओरडत. सोमला कोळशाच्या भट्टीपाशी जाऊन बसे आणि भाता ओढत राही, भट्टीत लोखंड नसलं तरी.

सोमवारी तो हजेरीला आला नाही.

भांदुर्गे धावत लिंबाखाली आले. "कुठंय सोमला?"

"गेला. हत्यारं पुसून जाग्यावर ठेवले, सुगराबीले सलाम केला आन गेला."

"तुम्ही जाऊ कसा दिलात? जामीन तुम्ही आहात!"

"बांधून ठेवू काय?" सैफुद्दीननं त्यांच्याकडे पाहिलं. रागावून नाही, थकून पाहिलं. "तुमी त्याले संत केला साहेब. संताच्या हातात कोन बैल देते?"

भांदुर्गे कचेरीत परतले आणि बराच वेळ कोरा कागद पुढं घेऊन बसून राहिले. हजेरी चुकल्याचं कोर्टाला कळवणं भाग होतं. कळवलं, की सोमलाचा तुरुंग जवळ आला. पण त्यांना खरं छळत होतं ते वेगळंच. नामानं कुणाचं वाईट होत नाही, हे त्यांनी आयुष्यभर धरून ठेवलं होतं. मग हे काय झालं? नामाचं चुकलं असं तर म्हणवत नव्हतं. मग कुणाचं?

त्यांनी कळवलं. पेशीची तारीख लागली. दुसऱ्या दिवशी ते मेडशीच्या एसटीत बसले, आणि फाट्यावर उतरून उन्हातून तांड्याकडे चालू लागले.

सोमलाची आई भुरीबाई दारात ज्वारी पाखडत होती. हातभर पांढऱ्या बांगड्या सुपाबरोबर वाजत होत्या.

"राम राम याडी," मास्तर म्हणाले. तांड्यात आईला याडी म्हणतात, हे सोमलाकडून ऐकलेलं.

तिनं वर पाहिलं नाही.

"सोमला आहे का?" सुपाचा आवाज चालूच राहिला. "जरा पाणी मिळेल का? उन्हाचा आलो."

"तुमाले पानी देता येत नाई."

"का बरं?"

"नायकाले इचारा."

दौलतसिंग नायक वडाच्या पारावर बसला होता. त्यानं मास्तरांना बसा म्हटलं नाही.

"मास्तर, आमच्या नसाबीत सोमला उभा राह्यला. जे केलं ते आपल्या तोंडानं सांगतलं. लहानथोरायसमोर, मायसमोर. त्याची माय तवा जमिनीले डोकं टेकून रडली. मंग म्या माह्या हातानं त्याले पानी देल्लं. पानी पेला का संपलं. मंग ती गोष्ट कोनी तोंडातून काढाची नाई. भांडनात नाई, दारूत नाई, मजाकीत नाई. जो काढीन, चोरी त्याच्या डोक्यावर."

"मला हे ठाऊक नव्हतं."

"इचारलं काय? मी तुमच्या दारी आलो तवा तुमी सायकलीवर बसून राह्यले होते."

भांदुर्ग्यांनी उपरण्यानं घाम पुसला.

"आता ते बैल सोमलानं नाई चोरले," नायक म्हणाला. "तुमी चोरले."

पाराभोवती जमलेल्यांतून कुणीतरी खुदकन हसलं. नायकानं तिकडं पाहिलं तसं हसू थांबलं. हसावं की रागवावं हे मास्तरांना कळेना. आपण सरकारी माणूस, हा कोण आपल्याला चोर म्हणणारा, असा एक विचार आला आणि निघून गेला.

"मग मी काय करू?"

"सोमलानं केलं तेच. उभे राहा. सांगा."

माणसं गोळा झाली. बाया झोपड्यांच्या सावलीला येऊन उभ्या राहिल्या. भुरीबाईही आली. आणि सगळ्यांच्या मागं, सोडून ठेवलेल्या गाडीच्या जुवाला टेकून सोमला बसलेला भांदुर्ग्यांना दिसला. त्यांनी हात जोडले, घसा साफ केला.

"सज्जनहो, हा नरदेह मोठ्या पुण्यानं मिळतो. पण त्यात अज्ञान..."

"किर्तन नोका करू," नायक म्हणाला. "काय केलं ते सांगा."

मास्तरांचे हात जुळलेलेच राहिले. बोलायला लागल्यावर शब्द एकेक करून बाहेर आले.

"मी सोमलाला विचारलं नाही. बुवांना सगळं सांगितलं. त्याला पुढं बसवला. तो उठत नव्हता, तर दंडाला धरून उठवला." ते थांबले. "तो रडत होता. मला बरं वाटलं."

नायकानं तांब्या उचलून त्यांच्या ओंजळीत पाणी ओतलं. ते प्यायले. पाणी कोमट होतं आणि अर्धं सदऱ्यावर सांडलं. मान वर केली तेव्हा जुवापाशी सोमला नव्हता.

तो ओढ्याच्या वाटेला लागला होता. मास्तर मागं धावले.

"सोमला, पेशीची तारीख लागली आहे. आला नाहीस तर पकडवॉरंट निघेल."

तो चालतच होता.

"आलास तर मी साहेबांना सगळं सांगीन. माझी चूक सांगीन."

सोमला वळला. "तिथं वाचतीन काय पुन्हा? बैलाचं?"

भांदुर्ग्यांच्या जिभेवर 'नाही' आलं होतं. फार सोपं होतं म्हणणं. पोरगा आला असता.

"वाचतील," ते म्हणाले. "सगळ्यांसमोर वाचतील. वाचू नका म्हणून सांगीन, पण ऐकणार नाहीत."

सोमलानं मान हलवली आणि ओढ्यात उतरला. येतो म्हणाला नाही, येत नाही असंही म्हणाला नाही. भुरीबाई वाटेत उभी होती. तिनं परत जाणाऱ्या मास्तरांना एवढंच म्हटलं, "नसाबीनं तुमाले पानी देल्लं. पोराचं मन काय नसाबीच्या हातात हाये?"

पेशीच्या दिवशी सैफुद्दीन सकाळपासून कोर्टाच्या आवारात चिंचेखाली बसून होता. सुगराबीनं घरून निघताना त्याला बजावलं होतं, की पुन्हा जामीन राहाल तर जेवायलाही कोर्टातच बसा. भांदुर्गे फाटकापाशी येरझारा घालत होते. मनात नाम घ्यायला जावं तर सोमलाचा दंड हाताला लागल्यासारखा वाटे, म्हणून तेही जमत नव्हतं.

पुकारा झाला. एकदा. दुसऱ्यांदा. आणि फाटकातून दौलतसिंगाचं पागोटं दिसलं, त्याच्यामागं सोमला. मेडशीची गाडी उशिरा सुटली होती.

कारकून उभा राहून वाचू लागला. भांदुर्गे पुढं झाले. "साहेब, एक विनंती. गुन्ह्याचा मजकूर मोठ्यानं वाचू नये."

"वाचल्याशिवाय काम पुढं कसं जाणार?" मॅजिस्ट्रेट साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. ते वाईट नव्हते, त्यांना दुपारपर्यंत बरीच कामं उरकायची होती. "वाचा."

कारकुनानं वाचलं. केनवडचा बाजार, बैलांचा रंग, शिंगांची ठेवण, मालकाचं नाव. मागच्या बाकांवर कुजबुज झाली. दौलतसिंग बाहेर निघून गेला. सोमला पायांच्या अंगठ्यांकडे बघत उभा होता.

"भांदुर्गे, तुमचा अहवाल मी वाचला," साहेब म्हणाले. "यात आरोपीपेक्षा तुमचाच गुन्हा जास्त लिहिलाय. पण हजेरी चुकवली ती यानं. काय रे, का गेला होतास?"

सोमलाची नजर अंगठ्यांवरच होती.

"साहेब, त्याचं असं झालं की..." भांदुर्गे उठले.

"तुम्ही बसा. मी त्याला विचारतोय."

भांदुर्गे बसले. त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. पोरगा बोलला नाही तर आज इथूनच पोलीस त्याला नेणार, आणि याच्यानंतर बॉंडवर कुणाला सोडायची गोष्ट काढली तर साहेब याच दिवसाकडे बोट दाखवणार. त्यांच्याजवळ सगळी उत्तरं होती. ओठ घट्ट मिटून ते बसून राहिले.

"शेवटचं विचारतो. का गेलास?"

"लाज वाटली," सोमला म्हणाला.

"चोरीची?"

"नाई. चोरी तं म्या तांड्यात सांगतली होती. ते झालं होतं." तो थांबला. "लोकायनं माह्या अंगावर फुलं टाकले, त्याची. मले कोनी इचारलं नाई. चोरी केली तवा मले सिपायानं धरलं, ते बरोबर होतं. फुलं टाकाले काहून धरलं?"

साहेबांनी टाक दौतीत बुडवला, पण लगेच लिहिलं नाही.

"सैफुद्दीन नालबंद हजर आहे काय? पुन्हा जामीन राहता?"

सैफुद्दीन दारातून आत आला. "राह्यतो साहेब. माह्या घरी आता जेवाले भेटत नाई, तं इथं तरी कामी येतो."

एकदोघं हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी निकाल लिहिला. बॉंड चालू राहील, मुदत सहा महिने वाढवली. काम तेच, गाव तेच. देखरेख भांदुर्ग्यांचीच, कारण दुसरा माणूस नाही. "आणि मास्तर," ते म्हणाले, "तुमच्या धर्माच्या आड कोर्ट येत नाही. पण याला कुठल्याही सभेत, कीर्तनात न्यायचं नाही. हे मी लिहून ठेवतोय."

"होय साहेब," भांदुर्गे म्हणाले. आपल्याच कीर्तनाची मनाई कोर्टाच्या कागदावर चढते आहे, हे त्यांनी उभ्यानं ऐकून घेतलं.

बाहेर ऊन तापलं होतं. सैफुद्दीन पुढं निघाला. "चाल बे. बैल नाई देल्ले लोकायनं तं खिळे घडव. खिळ्याले तं तुहा इतिहास मालूम नाई."

सोमला एक क्षण मास्तरांपाशी थांबला. मास्तरांना वाटलं, काही बोलेल.

"सोमवारी येशील ना?" त्यांनीच विचारलं.

"येतो. कोर्टानं सांगतलं म्हनून येतो."

तो सैफुद्दीनच्या मागोमाग निघाला. फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर बसलेल्या एकानं दुसऱ्याला कोपरानं ढोसलं. "तोच तो. कीर्तनातला." सोमलाची मान खाली गेली, पण पावलं थांबली नाहीत.

भांदुर्गे सायकल घेऊन त्याच्या मागं जायला निघाले. त्याच्या बाजूनं चालावं, त्या टपरीवाल्यांना दोन शब्द सुनवावे, असं फार वाटलं. फाटकापाशी आल्यावर मात्र त्यांच्या ध्यानात आलं, की हजेरीमास्तर शेजारी चालू लागला तर ज्यांना अजून ठाऊक नाही तेही विचारतील, हा पोरगा कोण म्हणून.

ते तिथंच उभे राहिले. दोघं रस्त्याच्या वळणाआड गेल्यावर सायकल हातानं ढकलत ते दुसऱ्या गल्लीला लागले.